रविवारी रात्री सापडलेला सोमवार

शून्य!

पहाटे साडेचारला उठून सहा दिवस कणीक मळली, अडीचशे डबे भरले, आणि रविवारी रात्री नऊ वाजता माझ्याच मोबाइलवर मीच लिहिलेला प्रोग्राम मला सांगतोय, 'या आठवड्यातले डबे : ०'. चष्मा पुसला. पान बंद करून पुन्हा उघडलं. शून्य ते शून्यच. ओट्याशी पोळ्यांच्या मावशी काखेत पिशवी मारून उभ्या. रविवारी आमचे डबे बंद असतात, पण मावशी हिशेबाला येतात, आणि त्यांचे पैसे डब्यांच्या आकड्यावर ठरतात.

"काय झालं ताई, पैसे नाहीत का?"

"पैसे आहेत हो मावशी. आठवडाच सापडत नाहीये."

शेवटी फळीवरून जुनी वही काढली, बोटांवर बेरीज केली, पैसे मोजून दिले. मावशी गेल्या. मी मात्र तशीच बसून राहिले, आणि त्या रात्री जे सुरू झालं ते अजून थांबलेलं नाही. भाजी चिरताना मी मनातल्या मनात वार मोजते. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा सातने भागून बघते. घरातले म्हणतात, हिला लागलंय. लागलंयच!

आधी थोडं मागचं सांगते. मी नाशिकरोडला घरगुती डबे करते, बारा वर्षं झाली. वाणिज्य शाखेची पदवी आहे, त्यामुळे वहीतला जमाखर्च कधी चुकला नाही. लेक बंगळुरूला संगणकाच्या नोकरीत. दिवाळीत आली तेव्हा माझ्या वह्या बघून म्हणाली, "आई, हे सगळं एका पानावर करता येईल, आणि ते पान तूच लिही. मी सांगते." मग रोज रात्री फोनवर अर्धा तास. जावास्क्रिप्ट नावाची भाषा, जी प्रत्येक मोबाइलच्या ब्राउझरमध्ये आधीपासून बसलेली असते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. बटण दाबलं की डबा नोंदला जातो, वेळेसकट. इतपत जमल्यावर मला वाटलं, आपण जिंकलो. राहिलं होतं फक्त 'या आठवड्याची बेरीज'. त्यासाठी एकच गोष्ट कळायला हवी : हा आठवडा कधी सुरू झाला? म्हणजे गेला सोमवार कोणत्या तारखेचा?

यात काय अवघड आहे! दुसरीतलं पोरही कॅलेंडरकडे बघून सांगेल. मीही तसंच लिहिलं होतं. जावास्क्रिप्टला तारीख दिली की ती वाराचा आकडा देते : सोमवार १, मंगळवार २, बुधवार ३. तेव्हा आजच्या तारखेतून वार वजा करा, एक मिळवा. ११ फेब्रुवारीला बुधवार होता : ११ वजा ३ अधिक १, म्हणजे ९ तारीख. बघा कॅलेंडर, ९ फेब्रुवारीला सोमवार! हे मी मंगळवारी लिहिलं आणि शनिवारपर्यंत रोज तपासलं, रोज बरोबर आलं. रविवारी तेवढं तपासायचं राहिलं, आणि मी हिशेब करते तो फक्त रविवारी.

लेकीला फोन लावला. ती जेवत होती, जेवता जेवताच म्हणाली, "आई, जावास्क्रिप्टचा रविवार सात नसतो. शून्य असतो."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! २२ तारीख, वार शून्य. २२ वजा ० अधिक १ म्हणजे २३. माझा प्रोग्राम उद्याच्या सोमवारपासून आठवडा धरत होता, आणि उद्यापासून सुरू होणाऱ्या आठवड्यात आजवर किती डबे गेले? शून्य. बिचाऱ्याने खरंच सांगितलं होतं. त्याचा हिशेब अचूक होता, माझा रविवार चुकीच्या टोकाला बांधलेला होता.

लेक म्हणाली, "सोपं आहे, रविवार असेल तर सहा दिवस मागे जा, नाहीतर नेहमीचं कर, अशी एक अट घाल. सगळे तसंच करतात." सगळे करत असतील. मला ते ठिगळ वाटलं. सहा वारांना एक नियम आणि सातव्याला वेगळा, असं का? सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, पंगतीत भेदभाव नको.

रात्री साडेअकराला मी ताटात सात वाट्या गोल मांडल्या. हसू नका. एकेका वाटीत कागदाचा तुकडा टाकला, रवि, सोम, मंगळ असा, आणि एक शेंगदाणा घेऊन उलटी चालायला लागले. बुधवारच्या वाटीतून सोमवारला यायला किती उड्या? दोन. शनिवारहून? पाच. सोमवारहून? एकही नाही, तिथेच तर आहोत. आणि रविवारहून मागे मागे सोमवारपर्यंत? सहा. म्हणजे मला सोमवारपासून ० १ २ ३ ४ ५ ६ हवेत, आणि भाषा रविवारपासून ० १ २ ३ ४ ५ ६ देतेय. माळ तीच आणि मणीही तेच. फक्त मेरुमणी एक घर सरकलाय! अट कशाला हवी? माळ एक घर फिरवली की झालं.

पण आकड्यांची माळ फिरवायची कशी? इथे मला ते चिन्ह भेटलं. % हे चिन्ह आयुष्यभर मी टक्क्यांचं समजत आले, सवलतीच्या पाट्यांवर बघत आले. प्रोग्राममध्ये त्याचा अर्थ बाकी! चौथीत भागाकार करून कोपऱ्यात लिहायचो ती बाकी. १० % ७ म्हणजे ३. १४ % ७ म्हणजे ०. सातने भागून उरलेली बाकी कधी सात होतच नाही, सहापर्यंत जाते आणि पुन्हा शून्यावर येते. म्हणजे सरळ रेषेत पळणाऱ्या आकड्यांना ही बाकी पकडून गोल बसवते! चौथीतल्या बाई 'बाकी नीट लिहा गं' म्हणून ओरडायच्या, पण बाकी म्हणजे चाक असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

मग घाईघाईने लिहिलं : (वार − १) % ७. एक घर मागे सरकवायचं ना, म्हणून उणे एक. सोमवार ०, मंगळवार १, सगळं सुंदर. रविवार? शून्य उणे एक म्हणजे उणे एक, त्याला सातने भागून बाकी... उणे एक! पुन्हा रविवारच रुसलेला. रात्री बारा वाजता लेकीला उठवलं. ती पायथन नावाच्या दुसऱ्या भाषेत काम करते. तिने अर्धवट झोपेत तिच्या संगणकावर तेच गणित टाकलं, तर उत्तर आलं सहा! तेच गणित, तेच आकडे, दोन भाषांत दोन उत्तरं. मी अंथरुणात उठून बसले. लेक म्हणाली की ऋण संख्येला भागताना भागाकार शून्याकडे सरकवायचा की खाली ढकलायचा याचे दोन रिवाज आहेत, जावास्क्रिप्ट आणि सी पहिला पाळतात, पायथन दुसरा. वाट्यांनी विचार केला तर पायथनचं बरोबर वाटतं, कारण गोलात रविवारच्या मागे उणे एक नावाची वाटी नाही, तिथे शनिवारच आहे. पण भाषेशी भांडून काय होणार? उणे जायचंच नाही, एवढं केलं की पुरे. एक घर मागे जाणं आणि सहा घरं पुढे जाणं, सातांच्या गोलात दोन्ही एकच की!

(वार + ६) % ७.

बघा. रविवार : ० अधिक ६ म्हणजे ६, बाकी ६. सोमवार : १ अधिक ६ म्हणजे ७, बाकी ०. मंगळवार : ८, बाकी १. शनिवार : १२, बाकी ५. कुठे अट नाही, ठिगळ नाही, सातही वार एका पंगतीत. जितकी बाकी तितके दिवस मागे जा, तिथे तुमचा सोमवार उभा. मी हे किराणा बिलाच्या मागे लिहून फ्रिजवर चिकटवलंय, तिथे आधी गॅसवाल्याचा नंबर होता.

प्रोग्राम दुरुस्त केला, बारा वाजून गेले होते म्हणून त्याला 'आता'च्या जागी रविवार रात्री नऊ चोपन्नची वेळ दिली, बेरीज आली : २०७. वहीत २५०.

आता काय! त्रेचाळीस डबे गेले कुठे? नोंदी चाळल्या तर सोमवारचे डबे बरोब्बर त्रेचाळीस. मंगळवारपासून शनिवारपर्यंत सगळं जागेवर, सोमवार तेवढा पुसलेला. बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं आणि मी एकटीच हसले. मी सांगत होते 'सहा दिवस मागे जा', तर तो रविवार रात्री नऊ चोपन्नपासून सहा दिवस मागे जात होता, म्हणजे सोमवार रात्री नऊ चोपन्नला! तोवर सोमवारचे दोन्ही वेळचे डबे जाऊन भांडी घासून झाली होती. आपल्या डोक्यात तारीख म्हणजे अख्खा दिवस असतो, चौकोनी, भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या घरासारखा. यंत्राच्या डोक्यात तारीख म्हणजे सुईच्या टोकाएवढा क्षण. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले तो एक आकडा, आणि त्यातूनच वार, महिना, वर्ष सगळं उकरून काढायचं. तेव्हा मागे गेल्यावर तास, मिनिटं, सेकंद, मिलिसेकंद चारही शून्यावर आणायचे. आणले. २५०! त्या रात्री दूध नासलं, पण मी खूश.

वर मी हौसेने एक ओळ टाकली होती, 'आठवडा सुरू :' आणि पुढे तारीख. तिथे आलं १५ फेब्रुवारी. म्हणजे रविवार! बेरीज सोमवारची बरोबर, नाव मात्र रविवारचं. एव्हाना मला राग येत नव्हता, उलट हावरटासारखं वाटत होतं, आता याच्याखाली काय निघतंय? निघालं ते असं : तारीख छापायला मी जी सोय वापरली होती ती तारीख छापण्याआधी गुपचूप यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत नेते. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे सोमवारची मध्यरात्र ठोकली तेव्हा तिथे रविवारचे संध्याकाळचे साडेसहा. मी तास-मिनिटं शून्य करून अगदी दिवसाच्या उंबरठ्यावर उभी राहिले होते, आणि उंबरठ्यावरून साडेपाच तास मागे ढकललं की माणूस आदल्या दिवसात पडणारच. दुपारी बारा वाजता केलं असतं तर कधी कळलंही नसतं. मग तारीख, महिना, वर्ष वेगवेगळे मागून घेतले, इथल्या वेळेचे, आणि हाताने जोडले.

पुढच्या रविवारची मी लग्नाच्या तारखेसारखी वाट बघितली. १ मार्च. एक तारखेचा रविवार! सोमवार शोधायला सहा दिवस मागे जायचं, म्हणजे १ वजा ६, तारीख उणे पाच. उणे पाच मार्च अशी तारीख असते का कुठे? मी धास्तावून बटण दाबलं. पान म्हणालं, आठवडा सुरू : २३ फेब्रुवारी. बरोबर! जावास्क्रिप्टला शून्य मार्च म्हटलं की ती फेब्रुवारीचा शेवटचा दिवस समजते, उणे एक म्हटलं की त्याच्या आदला. फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा ते तिचं ती बघते. मी कुठेही काही लिहिलं नव्हतं! आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातही अशीच गंमत असते की. पाच आठवड्यांची पस्तीस घरं असतात, आणि तीस-एकतीस तारखांना जागा उरली नाही की त्या पहिल्याच आठवड्याच्या रिकाम्या घरांत जाऊन बसतात. चाळीस वर्षं ते बघत आले, पण तीही बाकीच आहे, पस्तीसची बाकी, हे आत्ता दिसलं. आणि या वर्षीचा फेब्रुवारी बघितलात का? रविवारी सुरू, शनिवारी संपला, अठ्ठावीस दिवस, चार आठवडे, त्या चारांत एकही घर रिकामं नाही. मी ते पान फाडून जपून ठेवलंय.

आता माझा धीर चेपला होता. लेकीला रोज प्रश्न. तिने सांगितलं की एक्सेलमध्ये काही न सांगता वार विचारला तर रविवार १ असतो. पायथनमध्ये सोमवार ०. आयएसओ ८६०१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात सोमवार १ आणि रविवार ७. चार घरांचे चार कुळाचार. त्या मानकात आठवड्यांना क्रमांक असतात आणि वर्षाचा पहिला आठवडा कोणता, तर ज्यात वर्षातला पहिला गुरुवार येतो तो. गुरुवार का? कारण सोमवार ते रविवार या रांगेत गुरुवार बरोबर मधला. गुरुवार ज्या वर्षात, त्या वर्षात निम्म्याहून जास्त आठवडा. एवढं देखणं उत्तर! आणि २०२६ सालची पहिली तारीखच गुरुवारी आली, म्हणून या वर्षी बावन्न नाही, त्रेपन्न आठवडे आहेत. या हिशेबाने २०२६ चा पहिला आठवडा २०२५ च्या २९ डिसेंबरलाच सुरू झाला आणि शेवटचा ३ जानेवारी २०२७ ला संपेल. पगार आठवड्यावर देणाऱ्यांनी हे वाचून पाणी प्यावं.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते, तीही आता थोडेफार डबे करते. म्हटलं, हिलाही माझं पान पाठवावं. लेक घाईने म्हणाली, "मावशीला पाठवायचं तर कुठेही 'चोवीस तास गुणिले दिवस' असं वजा केलेलं नको." का? तर तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि तो दिवस तेवीस तासांचा होतो. ८ मार्चला तसं झालं. ९ मार्चच्या सोमवारच्या मध्यरात्रीतून सात गुणिले चोवीस तास वजा करून मागचा सोमवार शोधायला गेलात, तर पोचता १ मार्चच्या रात्री अकरा वाजता. रविवारी! आठवडा एकशे अडुसष्ट तासांचा असतो हे मी पाठ केलेलं, तर तिकडे एक एकशे सदुसष्टचा. म्हणून तास मोजायचे नाहीत, तारखा मोजायच्या. आणि सामोआ देशाचं ऐकलंत? त्यांनी २०११ साली आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या या बाजूला यायचं ठरवलं आणि ३० डिसेंबर ही तारीखच गाळली. गुरुवारी झोपले ते शनिवारी उठले. तिथल्या कामवाल्या मावशींचा हिशेब त्या आठवड्यात कोणी कसा केला असेल, देव जाणे.

पण मला खरं वेड लावलं ते वेगळ्याच गोष्टीने. एका दुपारी डबे गेल्यावर सहज मनात आलं, सातांची माळ फिरवता येते हे ठीक, पण माळेत हे मणी या क्रमाने ओवले कोणी? रवीनंतर सोम, सोमनंतर मंगळ, हाच क्रम का? आकाशात तर ग्रह असे उभे नाहीत. वडिलांचं पंचांग आठवलं, त्यातल्या होरा आठवल्या, त्यांच्याविषयी वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता मी अक्षरशः ओरडले. जुन्या ज्योतिषात मंद चालीच्या ग्रहापासून शीघ्र चालीच्या ग्रहापर्यंत क्रम लावतात : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या चोवीस होरा, प्रत्येक होरेचा एक स्वामी, याच क्रमाने आळीपाळीने. सूर्योदयाच्या पहिल्या होरेचा जो स्वामी, त्याचं नाव त्या वाराला. आता करा गणित. चोवीसला सातने भागा. बाकी तीन! म्हणजे दुसऱ्या दिवशीची पहिली होरा तीन घरं पुढच्या ग्रहाची. रवीहून तीन घरं : शुक्र, बुध, चंद्र. सोमवार! चंद्राहून तीन घरं, माळ फिरून वर आली : शनी, गुरू, मंगळ. मंगळवार! तसंच पुढे बुध, गुरू, शुक्र, शनी, आणि पुन्हा रवी. वाट्या पुन्हा काढल्या, शेंगदाणा फिरवला, सातही वार ओळीने आले. इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयात कालक्रियापादात हाच नियम दिलाय. म्हणजे मी रात्री साडेअकराला किराणा बिलाच्या मागे जे चिन्ह वापरलं, त्याच क्रियेने वारांची नावं पडलीत. बाकी काढूनच! तीन वेळा मी तो परिच्छेद वाचला आणि तिन्ही वेळा अंगावर काटा आला.

आणि आपला शब्द बघा, आठवडा. दिवस सात, नाव आठाचं! सोमवारपासून बोटांवर मोजा, सोमवार एक, मंगळवार दोन... पुन्हा सोमवार आठव्या बोटावर येतो. दोन्ही टोकं धरून मोजलं की एक जास्त होतो. लेक म्हणाली, प्रोग्रामर लोक दिवसरात्र हीच चूक करतात, कुंपणाचे खांब मोजायचे की मधले गाळे, यात गोंधळतात. मी म्हटलं, बाई गं, आमच्या भाषेने तर ती चूक कोशातच घालून ठेवलीय.

रविवारशी माझं भांडण होतं, तेही मिटलं, आणि मिटवलं एका मराठी माणसाने. झालं असं की कोणत्या देशाचा आठवडा कोणत्या वारी सुरू होतो याची एक मोठी कोठी आहे, सीएलडीआर, युनिकोडवाले ती सांभाळतात. मोबाइलमधली कॅलेंडरं तिथूनच शिकतात. तिच्यात जगाचा सर्वसाधारण नियम सोमवार, मालदीवचा शुक्रवार, भारताचा रविवार. ते ठीक. पण तिथेच शनिवार-रविवारच्या सुट्टीचाही रकाना आहे, आणि त्यात भारताची सुट्टी रविवारी सुरू होते आणि रविवारीच संपते. एकच दिवस! लेकीला वाईट वाटलं, मला एकदम खरं वाटलं. आणि तो एक दिवस तरी कोणी मिळवला? नारायण मेघाजी लोखंडे. 'दीनबंधू'चे संपादक, १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना काढणारे. त्यांच्या लढ्यानंतर कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तारीख १० जून १८९०. रविवार म्हणजे खंडोबाचा वार, कामगारांत खंडोबाचे भक्त किती!

मी काय केलं असेल? ती तारीख माझ्या प्रोग्राममध्ये टाकली. १९७० च्या आधीची, म्हणजे आकडा ऋण : उणे २९,०५९ दिवस. १ जानेवारी १९७० ला गुरुवार होता, म्हणजे सोमवारपासून तीन घरं पुढे. तेव्हा तीन मिळवायचे, सातची बाकी काढायची. आली उणे सहा. आता मी घाबरत नाही, सात मिळवले, एक. सोमवारनंतर एक, मंगळवार. रविवारची सुट्टी मिळाली ती मंगळवारी! आठवडा सुरू : ९ जून १८९०. पुढचा रविवार १५ तारखेचा. त्या चार-पाच दिवसांत चाळीचाळींतून काय बोलणी झाली असतील, हे मी भांडी लावता लावता किती वेळ डोळ्यांसमोर आणत होते.

हे सगळं मी गेल्या रविवारी मावशींना सांगायला गेले. वाट्या, शेंगदाणा, सगळं. त्या शांतपणे ऐकत होत्या, पोलपाट पुसत. मग म्हणाल्या, "ताई, ते तुमचं यंत्र सोमवारपासूनच मोजतं का?"

"का हो?"

"नाही, माझी भिशी बुधवारी असते. रविवारचे पैसे बुधवारपर्यंत घरात राहतात का? मंगळवारी रात्री हिशेब केलात तर बरं."

बारा वर्षांत त्यांनी हे कधी म्हटलं नव्हतं. वहीत आठवडा सोमवारीच उघडायचा, तसा मीच आखला होता म्हणून. मी मोबाइल घेतला. तोपर्यंत ते सूत्र मी थोडं मोकळं करून ठेवलं होतं : (वार − सुरुवात + ७) % ७, आणि सुरुवातीच्या जागी १. तो एक खोडला, तीन लिहिला. मंगळवार म्हणजे २ : २ उणे ३ अधिक ७, सहा. सहा दिवस मागे, बुधवार. बुधवार म्हणजे ३ : बाकी शून्य. मावशींना पान दाखवलं.

त्यांनी चष्मा नाकावर चढवून नीट बघितलं. "आणि उद्याचा सोमवार, परवाचा मंगळवार? आजचा हिशेब आज झाला, नवीन बुधवारपासून. मधले दोन दिवस कुठल्या आठवड्यात?"

मी फळीवरची वही पुन्हा खाली काढली आणि ते दोन दिवस तिच्यात लिहिले.